आदर्श हाताचं अकरावं मिनिट

गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराचं, पातं आणि लोखंडाचा पृष्ठभाग यांच्यात तीन मायक्रॉनची फट असेल, तर तिच्यातून येणारा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतो. तीन मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. एवढी बारीक फट मोजायला एरवी चांगलं उपकरण लागतं. पण गुण्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या तुकड्याला, टेकवून खिडकीसमोर धरला की डोळा ते काम फुकट करतो. आधी पांढरी रेघ दिसते. फट कमी होत जाते तशी ती निळसर होते, आणि मग विझते.

अंजुम शिकलगारच्या घनाला मी सगळ्या बाजूंनी गुण्या लावून पाहिला. रेघ कुठेच नव्हती.

“किती पडले, मॅडम?” तिने विचारलं.

“अडतीस.”

“शंभरात?”

“शंभरात.”

पास व्हायला पन्नास लागतात. शेजारच्या व्हाइसच्या पकडीत प्रथमेश पोवारने केलेली वस्तू होती. प्रश्नपत्रिकेत ‘घन’ असं छापलेलं होतं, म्हणूनच केवळ तिला घन म्हणायचं. गुण्याखालून उजेड तर येत होताच, शिवाय खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाडही दिसत होतं. प्रथमेशला एकाहत्तर पडले होते. तो भला मुलगा आहे. त्याने अंजुमचा घन हातात घेतला, स्वतःचा पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, मशीननं नावं उलटी घेतली असतील का?”

नावं सुलटीच होती. अडतीस का पडले ते मला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं.

कोल्हापूरकडच्या एका आयटीआयमध्ये मी कार्यशाळेचं गणित आणि विज्ञान शिकवते, आणि २०३४ पासून परीक्षक म्हणूनही सही करते. त्याआधीची परीक्षा ज्यांनी पाहिली आहे, ते नव्या परीक्षेला नावं ठेवताना जरा बिचकतात. फिटरच्या मुलाने कानशीने घासून पंचवीस मिलिमीटरचा पोलादी घन करायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने तो मोजायचा, अशी जुनी पद्धत होती. परीक्षक साडेदहाला यायचे. आल्यावर पोहे. मग प्राचार्यांच्या खोलीत चहा. मग तांबडा-पांढरा रस्सा. आणि दोन वाट्या पांढऱ्यानंतर व्हर्नियरवरच्या रेघा एकमेकींत मिसळतात, हा सर्वांचाच अनुभव. मुलं घन आदल्या वर्षीच्या मुलांकडून आणायची, त्यावर ठोकलेला नंबर घासून काढायची आणि आपला ठोकायची. एक घन सलग नऊ वर्षं परीक्षेला बसला आणि दर वर्षी पहिल्या वर्गात पास झाला. घासून घासून तो एका अंगाने बावीस मिलिमीटर उरला, तेव्हा कुठे एका परीक्षकाला शंका आली. त्या दिवशी त्यांचा उपास होता.

म्हणून कौशल्य मूल्यमापन मंडळाने हातमोजे आणले. ‘वस्तू खोटी असेल, हात खोटा नसतो,’ हे मंडळाचं घोषवाक्य. मला ते तेव्हा फार पटलं होतं.

मोजा दिसायला साधा, राखाडी, कातडीसारखा बसणारा. त्याच्या विणीत प्रत्येक हातासाठी चौसष्ट संवेदक असतात. बोट किती वाकलं, तळव्यावर दाब किती पडला, मनगटाच्या स्नायूत विजेची किती बारीक लहर उठली, हे सगळं तो सेकंदाला पाचशे वेळा टिपतो. ही नोंद एका ‘आदर्श हाता’च्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. दोघांचा वेग सारखा असावा लागत नाही. एकाच रस्त्याने एक जण भरभर आणि दुसरा रमतगमत गेला, तरी कोण कुठल्या झाडापाशी पोचला ते जुळवता येतं, तसंच हे.

अडचण पुढे आहे. आदर्श हाताच्या कितीतरी हालचालींपैकी महत्त्वाची कोणती, हे यंत्राला कोण सांगणार? कोणी सांगायचं नाही असं मंडळाने ठरवलं. सांगणारा माणूस आला की रस्साही आला. यंत्राने स्वतः शोधायचं. त्यासाठी नियम साधा आणि गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे: जी हालचाल दर वेळी हुबेहूब तशीच होते, ती मुरलेली, तिला वजन जास्त. जी दर वेळी थोडी बदलते, ती कच्ची; तिला वजन कमी.

आता कानस मारणारा हात सारखा बदलतच असतो. लोखंडात कुठे कठीण गाठ लागते, कुठे मऊ जागा येते, आणि हात तिथे तिथे दाब बदलतो. तीच तर त्याची हुशारी. यंत्राला मात्र तो चंचलपणा वाटला. ज्यांचा हात आदर्श म्हणून नोंदवला, त्या तातोबा सुतार मास्तरांच्या दोन तासांच्या नोंदीत एकच हालचाल अशी होती, जी दहाही वेळा केसभरसुद्धा बदलली नाही. दर अकराव्या मिनिटाला मास्तर कानस बाजूला ठेवत, डावा तळवा वर करत, त्यावर उजव्या अंगठ्याने वीस-बावीस वेळा मळत, दोन टाळ्या देत आणि चिमूट खालच्या ओठात सोडत.

पन्नास वर्षांचा सराव होता. यंत्राने त्या हालचालीला शंभरातले पस्तीस गुण दिले.

नोंद घेताना मी तिथे होते. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण कानशीत त्यांच्या तोडीचा हात जिल्ह्यात नव्हता. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं. मंडळाच्या तंत्रज्ञाने मला विचारलं होतं, “मॅडम, हे मधलं मधलं कापू का?” आणि मी एखाद्या प्रयोगशाळेच्या दारावर लिहावं तशा आवाजात म्हणाले होते, “मूळ नोंदीत हात घालायचा नसतो.” एम.एस्सी.ला आमच्या सरांनी शिकवलं होतं ते. सर तंबाखू खात नसत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नसावा.

मोज्याबरोबर सरावासाठी एक पडदा येतो. त्यावर आदर्श हात पारदर्शक, निळ्या रंगात काम करताना दिसतो. हात काय करतोय ते कळायला आमच्या मुलांना पहिल्या दिवशी पाच मिनिटंही लागली नाहीत. “आयला, मळतोय की!” असं कोणीतरी म्हणालं आणि कार्यशाळेत हशा झाला. निकाल लागल्यावर हसू थांबलं. हात चोळणारे पास आणि न चोळणारे नापास, हे गणित त्यांना माझ्या वर्गात न बसताही सुटलं.

मग जे व्हायचं ते झालं. फिटर झाले, टर्नर झाले, मुली झाल्या. पंचेचाळीस मुलांचा वर्ग दर अकराव्या मिनिटाला कानस खाली ठेवून तळवा मळू लागला. शिट्टी वाजल्यासारखे सगळे एकदम. स्टँडच्या मागे एका क्लासने पाटी लावली: ‘येथे तळव्याची स्वतंत्र तयारी करून घेतली जाते.’ शेजारच्या गावच्या फाउंड्रीमालकांचा मला फोन आला. “मॅडम, तुमची पोरं गुणी आहेत, पण अशी मोकळा हात का मळतात? मागायला लाजत असतील तर सांगा, आम्ही ठेवतो की डबी कामावर.”

मंडळाकडे कोणी विचारणा केली, तेव्हा उपसंचालक हर्डीकर साहेबांनी छत्तीस पानांची पुस्तिका काढली: ‘अंगुष्ठ-तळवा समन्वय: एक अभ्यास’. या क्रियेने अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूंचा ताण जातो आणि पुढच्या ठोक्याची अचूकता वाढते, असं तिच्यात आलेखासह सिद्ध केलं आहे. साहेब आयुष्यभर पुण्यातल्या कार्यालयात राहिलेले. मळणं म्हणजे काय, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांचे आलेख मात्र बरोबर होते. दर अकराव्या मिनिटाला विसावा घेतला तर कोणाचीही अचूकता वाढते.

हसण्यासारखं इथपर्यंतच होतं. पुढे मुलांच्या लक्षात आलं की रिकाम्या तळव्यापेक्षा खरी तंबाखू आणि खरा चुना घेतला तर दाब हुबेहूब जुळतो आणि दोन-तीन गुण जास्त पडतात. आमच्या फाटकासमोर एक टपरी होती. आता चार आहेत.

पहिल्याच वर्षी मी मंडळाला पत्र लिहिलं आणि खणात ठेवलं. पुढच्या वर्षी ते सुधारून लिहिलं. तिसरं पत्र तर इतकं नेमकं उतरलं की ते वाचूनच मला काम झाल्यासारखं वाटलं, आणि तेही खणात गेलं. एव्हाना चाळीस हजार मुलांची प्रमाणपत्रं त्या हातावर निघाली होती. मूळ नोंदीवर माझी सही होती. आणि आमच्या सभागृहात मास्तरांच्या उजव्या हाताचा, फक्त हाताचा, तीन फुटी फोटो लागला होता. खाली पितळी अक्षरांत ‘आदर्श हात’. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेबरोबर त्या फोटोला हार पडतो. पहिल्या वर्षी मास्तर स्वतः हजर होते. “हार घालू नगासा,” ते म्हणाले होते, “मी अजून जित्ता हाय.” पण घरी जाताना ते तीनदा मागे वळून फोटोकडे बघत होते, ते मी पाहिलं होतं.

अंजुमला मी त्या दिवशी थांबवून घेतलं. ही तिची दुसरी वेळ होती. एका पंपांच्या कारखान्याने तिला उमेदवारीसाठी निवडलं होतं. महिनाअखेर प्रमाणपत्र नेलं नाही तर ती जागा जाणार. तिसऱ्यांदा नापास झालं की पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं. तेवढी वाट घरचे पाहणार नव्हते. मामाचं पिको-फॉलचं दुकान होतं, तिथे एक मशीन तिच्यासाठी मोकळं ठेवलेलं होतं.

“अंजुम, पडद्यावरचा हात नीट पाहिलास ना?”

“पाठ आहे, मॅडम.”

“मग अकराव्या मिनिटाला तू थांबत का नाहीस?”

“थांबते की. पाणी पिते.”

“पाण्याला गुण नाहीत.”

“म्हाईत आहे.” तिने कानशीचे दात तारेच्या ब्रशने साफ करायला घेतले. “ते मळणं आहे, मॅडम. सगळ्यांना म्हाईत आहे. प्रिन्सिपल सरांना सुद्धा.”

“नुसते हात चोळायचे, त्यात काय एवढं?” हे मी म्हणाले. म्हणता म्हणताच मला माझा आवाज आवडला नाही.

“अब्बा फाउंड्रीत पॉलिशला होते,” ती म्हणाली. “असंच करायचे. दोन टाळ्या वाजल्या की मी पाणी घेऊन जायची, चूळ भरायला. मग जबडा काढला त्यांचा. शेवटचे चार महिने सगळं नळीतनं.” ब्रश एका लयीत चालू होता. “माझा हात त्याला उठत न्हाई, मॅडम. घनात काय चूक असली तर सांगा, परत घासते.”

घनात काही चूक नव्हती.

त्या रविवारी मी मोजे पिशवीत घालून तातोबा मास्तरांकडे गेले. माझा विचार सरळ होता: मास्तरांनी तंबाखू न मळता पुन्हा एकदा नोंद द्यावी, मी ती सुधारित नोंद म्हणून मंडळाला पाठवावी, आणि कोणालाही काही सांगावं न लागता सगळं मार्गी लागावं. असे विचार सरळ वाटतात तेव्हा त्यांनाही एकदा गुण्या लावून पाहावा.

मास्तर ओसरीवर बसून कुणाच्या तरी कुलपाची किल्ली घासत होते. “या, चौगुलेबाई,” ते म्हणाले. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा फिजिक्सची सुवर्णपदकवाली होते आणि मला कानस धरता येत नव्हती. माझा पहिला घन त्यांनी खिडकीसमोर धरून वर्गाला दाखवला होता. “बघा, बाईंनी उजेड पाडलाय!” आणि तो भंगाराच्या डब्यात टाकला होता.

“मास्तर, तंबाखू बाजूला ठेवून अर्धा तास मोजे घालाल का?”

“बाजूला काय ठेवायची? दोन वर्सं झाली सोडून.”

“सोडली म्हणू नका. सोडवली,” आतून काकींचा आवाज आला. “इचारलं ह्यास्नी, तंबाखू का मी? तर म्हणत्यात, दोन दिवस दे, इचार करतो.”

“मोठा निर्णय व्हता,” मास्तर मला म्हणाले.

त्यांनी मोजे चढवले, व्हाइसमध्ये पट्टी धरली आणि कानस चालवली. तो आवाज मी ओळखते. घासल्याचा नसतो, दीर्घ, सारखा, श्वासासारखा असतो. मधे त्यांनी कानस ठेवली, हातरुमालाने कपाळ पुसलं, पुन्हा सुरुवात केली. अर्ध्या तासाने पट्टीला गुण्या लावला. रेघ नाही.

मी पडदा पाहिला आणि तो त्यांच्याकडे वळवायचं टाळलं.

“किती?”

“चव्वेचाळीस.”

“कुणासंगं ताडून?”

“तुमच्यासंगं.”

मास्तरांनी मोज्यातला हात वर करून पुढून-मागून पाहिला. “म्हंजे मी माझ्याच परीक्षेत नापास?”

“हो.”

“मग पास झालेला त्यो कोण?”

काकी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. “तरी मी म्हणत हुते, माणूस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. आता सरकारनं बी सांगितलं.” त्यांना एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

मास्तर हसले नाहीत. “अकराव्या मिनटाला पाणी पिती म्हणून पोरगी नापास झाली, आसं कायतरी ऐकलं मी बाजारात. दाखव बघू, काय हाय अकराव्या मिनटाला.”

मी दाखवलं. पडद्यावर निळा हात कानस ठेवून वळला, तळवा वर झाला, अंगठा फिरू लागला. मास्तर डोळे बारीक करून बघत राहिले. दोन टाळ्या झाल्या तशी त्यांची मान आपोआप हलली.

“ह्यो मीच की,” ते म्हणाले. “चुना जास्त झालता त्या दिवशी.” मग माझ्याकडे वळून, “पोरं ह्येच शिकत्यात?”

“चाळीस हजार.”

“पोरी बी?”

“पोरी बी.”

काकींनी चहाची ताटली हळूच खाली ठेवली आणि त्या आत गेल्या.

“आन् तुला कवापास्नं ठावं हाय?”

खोटं बोलायला जागा होती. “पहिल्या दिवसापासून,” मी म्हणाले. “तंत्रज्ञ कापतो म्हणत होता. मीच नको म्हणाले.”

“मग मागनं का बोलली न्हाईस?”

मी पुष्कळ कारणं जमवली होती, तीन पत्रांत मुद्देसूद मांडलेली होती. तोंडून निघालं ते भलतंच. “सभागृहात फोटो आहे,” मी म्हणाले.

“त्यो हाताचा हाय. हाताला कसली लाज? लाज तोंडाला असती, आन् तोंड त्यात आलेलंच न्हाई.” त्यांनी मोजे एकेक बोट सोडवत काढले, नीट घडी घालून माझ्या पिशवीत ठेवले. “नवी नोंद देनार न्हाई मी. उद्या त्यातनं बी कायतरी निघंल. कपाळ पुसलं म्हणून पोरं कपाळं पुसत बसतील. तुला काय शिकवलंतं मी? उजेड दिसला की दिसला म्हणायचं. जॉब कुणाचा हाय ते बघायचं न्हाई.”

“माझा असला तरी?”

“तुझाच तर टाकला व्हता की भंगारात.”

तिसरी परीक्षा गुरुवारी होती. नेमके त्याच दिवशी हर्डीकर साहेब आदर्श केंद्र पाहायला आले. प्राचार्य जगदाळे सकाळपासून तीनदा माझ्याकडे येऊन गेले. “चौगुले मॅडम, आज साहेब आहेत, तेव्हा जरा…” ते तिन्ही वेळा एवढंच म्हणाले. आमच्याकडे ‘जरा’पुढचं वाक्य ऐकणाऱ्याने पुरं करायचं असतं.

अंजुमबरोबर पुन्हा बसणारी सहा मुलं होती. अकराव्या मिनिटाला सहाजणांनी कानशी ठेवल्या. हर्डीकर साहेब त्यांच्यामधून फिरत होते, आणि बोलता बोलता स्वतःचाही तळवा मळत होते. “बघा जगदाळे, अंगठ्याचा हा जो गोलाकार फेरा आहे ना, तो मला स्वतःला सुरुवातीला जमत नव्हता. आता बैठकीतसुद्धा मी हे करतो. फार मोकळं वाटतं.”

“वाटणारच, साहेब,” जगदाळे सर म्हणाले. तेवढ्यात दारातून आत येत असलेल्या तातोबा मास्तरांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते घाईघाईने पुढे झाले. “या या मास्तर! साहेब, हेच ते. आदर्श हात!”

हर्डीकर साहेबांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. “केवढं भाग्य! एकदा ती क्रिया प्रत्यक्ष करून दाखवाल?”

“सोडली,” मास्तर म्हणाले.

“सोडली? का?”

“दाक्तरनं सांगितलं.”

साहेबांच्या चेहऱ्यावर पुस्तिकेचं एखादं पान उलटं छापलं गेल्याचा भाव आला. जगदाळे सरांनी त्यांना चहाकडे वळवायचा प्रयत्न केला, पण अंजुमच्या व्हाइसपाशी वेळ संपल्याचा दिवा लागला होता. ती पाण्याची बाटली बंद करून बाजूला उभी होती. पडद्यावर आकडा आला.

एकेचाळीस.

“अरेरे,” साहेब पडद्यात वाकून म्हणाले. “कानस बरी आहे. पण अंगुष्ठ-तळवा शून्य! मुली, पुस्तिका वाचली नाहीस का?”

“वाचली, सर,” अंजुम म्हणाली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. व्हाइस सैल करून घन काढला, फडक्याने पुसला आणि टेबलावर ठेवला, परत न्यायची वस्तू ठेवावी तसा.

मास्तरांनी खांद्यावरच्या पिशवीतून जुना गुण्या काढला. तेलकट कापडात गुंडाळलेला होता. त्यांनी घन उचलला, खिडकीशी गेले, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. सगळ्या पाहून झाल्या. गुण्या आणि घन त्यांनी माझ्या हातात दिले आणि बाकावर जाऊन बसले.

मी खिडकीसमोर उभी राहिले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. फट लपायला जागा नव्हती. मी सहाही बाजू पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. हा वेळकाढूपणा होता, मला कळत होतं. घन मी आधीच ओळखला होता.

निकाल बंद करताना यंत्र शेवटचा एक प्रश्न विचारतं. मंडळाच्या नियमावलीत तो आहे, कारण कुणा दक्ष माणसाने तो तिथे घातला असावा: परीक्षकाचं मत यंत्राहून वेगळं असेल तर त्याने नाव आणि कारण सांगून ते तोंडी नोंदवावं, अशी नोंद झाली तर गुण गोठवले जातात, परीक्षकाचं मत तात्पुरता निकाल म्हणून धरलं जातं आणि आदर्श नोंद फेरतपासणीला जाते. तीन वर्षांत आमच्या केंद्रावर अकराशे वेळा तो प्रश्न आला होता, आणि अकराशे वेळा मी एकच उत्तर दिलं होतं: ‘काही नाही.’

“परीक्षकाचे मत?” यंत्राने विचारलं.

“मृदुला चौगुले, परीक्षक,” मी म्हणाले. “माझं मत वेगळं आहे.”

पडद्यावर अक्षरं उमटली: काही नाही.

मी पाहत राहिले. यंत्राचं चुकलं नव्हतं. ज्या आवाजाने अकराशे वेळा न बदलता तेच सांगितलं, तो अकराशे एकाव्या वेळीही तेच सांगणार, असा त्याचा हिशेब होता. मळण्याला पस्तीस गुण देणाऱ्या नियमाने माझंही वजन बरोबर काढलं होतं.

“मॅडम,” जगदाळे सर कानाशी येऊन म्हणाले, “झालं की नोंद. चला, जरा…”

“पुन्हा सांगा किंवा कायम करा,” यंत्र म्हणालं.

अंजुम पिशवी खांद्याला लावत होती. मास्तर बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसले होते. मी आयुष्यात वर्गाबाहेर कधी आवाज चढवलेला नाही. चढवायचा कसा, हे एक क्षण आठवावं लागलं. मग मी मायक्रोफोनवर वाकले नाही. सरळ उभी राहिले आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावं अशा आवाजात बोलले.

“मृदुला चौगुले, परीक्षक. आदर्श हाताची नोंद झाली तेव्हा मी हजर होते. अकराव्या मिनिटाला जे दिसतं ते कौशल्य नाही, तंबाखू मळणं आहे.” हर्डीकर साहेबांचा फिरता अंगठा तळव्यावर थांबला. “ते मी त्याच दिवशी पाहिलं, कापू दिलं नाही, आणि तीन वर्षं गप्प बसले. चूक मोज्याची नाही, माझी आहे.”

कानशींचे आवाज थांबले होते. पडद्यावर अक्षरं एकेक करून येत होती, या वेळी माझी.

मी घन वर धरला. त्याच्या आणि पात्याच्या मधे उजेड नव्हता.

“आणि अंजुम शिकलगार पास आहे.”